पाचवा गुरुवार

माझी सुट्टी गुरुवारी असते, आणि माझ्या आयुष्यातली निम्मी चिडचिड या एका वाक्यात येऊन जाते. रविवारी सगळं शिरूर अंथरुणात लोळत असतं तेव्हा मी सहा वीसची कंपनीची बस पकडायला चौकात उभी असते. गुरुवारी मी घरी असते तेव्हा बाकी सगळ्यांचा कामाचा दिवस असतो. त्यामुळे घरात कोणीतरी असल्याशिवाय जी कामं होत नाहीत, ती सगळी गुरुवारवर ढकललेली असतात. गॅसचं सिलिंडर गुरुवारी येतं. पाण्याची टाकी गुरुवारी धुतली जाते. नवऱ्याचं बाजारपेठेत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याचं कुरिअर दुकानाच्या पत्त्यावर येऊ शकतं, पण ते घरी येतं, आणि गुरुवारीच येतं. "तू घरीच आहेस ना?" हे त्याचं वाक्य ऐकलं की फोन भिंतीवर फेकावासा वाटतो. घरीच आहे. सुट्टीवर असलेलं माणूस दुसरं कुठं असणार?

रांजणगावच्या एमआयडीसीत गुरुवारी लाईट बंद ठेवून दुरुस्तीची कामं काढतात, म्हणून आम्हाला गुरुवारी सुट्टी. बारा वर्षं मी तिथं एका कंपनीत क्वालिटीत आहे. प्लास्टिकचे सुटे भाग मापाच्या साच्यात, म्हणजे गेजमध्ये, घालून बघायचे, बसला नाही की बाजूला काढायचा आणि का बसला नाही ते कागदावर लिहायचं. कारण लिहायची पद्धत ठरलेली आहे. एकदा 'का' विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. पाचव्या 'का'ला म्हणे खरं कारण हाताला लागतं.

गुरुवारचं दुसरं दुखणं म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात अंडं चालत नाही. आम्ही काही माळकरी नव्हे, रविवारी मटण असतंच. पण गुरुवार सासूबाईंचा. त्यांचा उपवास असतो आणि त्या दिवशी अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे ज्या एका दिवशी मी स्वयंपाकघरात सावकाश उभी राहू शकते, नेमक्या त्याच दिवशी केक करायचा नाही. दिवाळीत मी हौसेनं ओव्हन घेतला. सासूबाईंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, रुमालावर पंचांग ठेवलं आणि पंचांगावर बीपीच्या गोळ्या. दोनअडीच महिने त्या ओव्हननं फळीचं काम केलं. मी आल्यागेल्याला तो दाखवायची, रुमाल उचलून.

केकचं हे वेड माहेरचं. माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरच्या ओळीत शेवटच्या घरात एक ख्रिस्ती बाई राहायच्या, त्यांना आम्ही पोरं आँटी म्हणायचो. रविवारी चर्चमधून आल्या की दुपारी त्या दार लावून घ्यायच्या, रेडिओ लावायच्या आणि अॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये केक करायच्या. माझी आई ओळीतल्या कुठल्याही घरात केव्हाही शिरायची, पण रविवारच्या दुपारी त्या दारावर तिनंसुद्धा कधी थाप मारली नाही. केकचा तुकडा आम्हाला संध्याकाळी मिळायचा आणि तो चांगलाच असायचा. पण मला खरं अप्रूप वाटायचं ते त्या लावून घेतलेल्या दाराचं. आपल्या घरात आपण दार लावून घ्यायचं आणि कोणी हाक मारायची नाही, हे तेव्हाच मला फार मोठ्या चैनीचं वाटलं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, तशी एक दुपार मला मिळाली नाही.

ती मिळायची शक्यता संक्रांतीच्या आधी अचानक तयार झाली. कवठे येमाईला राहणाऱ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा गुडघा धरला. सासूबाई म्हणाल्या, "पाच गुरवार जाऊन तेल चोळते, मंग सुटंल." पाचच का आणि गुरुवारच का, असला पाचवेळा 'का' मी विचारला नाही. मनातून इतका आनंद झाला होता की तोंडावर काळजी आणायला मला कष्ट पडले. सकाळी साडेआठला नवरा त्यांना स्टँडवर सोडायचा, संध्याकाळी पाचला त्या परत यायच्या. मधले साडेआठ तास घर रिकामं.

आणि ते साडेआठ तास मी कसे घालवले ऐका. पहिल्या गुरुवारी टाकी धुणारा आला, त्यानं झडप मोडली आणि प्लंबर शोधण्यात दुपार गेली. दुसऱ्या गुरुवारी दाढ. तिसऱ्या गुरुवारी दौंडहून नणंद आली, "वहिनी घरीच असेल म्हटलं" असं म्हणत. चौथ्या गुरुवारी कंपनीनं माल अडकला म्हणून कामावर बोलावलं. राहिला पाचवा. त्यानंतर मावशींचा गुडघा सुटणार होता आणि सासूबाई पुन्हा गुरुवारी घरी असणार होत्या. आज नाही तर कधीच नाही, असं मी स्वतःला इतक्यांदा बजावलं की बुधवारी रात्री मला झोपही धड लागली नाही. विश्रांतीच्या काळजीनं.

बेत मोठा होता. संत्र्याची साल किसून घातलेला केक, अंड्याचा. घरी केलेले पाव आणि ताज्या मटारची उसळ. केक भाजत असताना ओट्याजवळ स्टूल घेऊन बसायचं, मटार सोलायचे, गाणी लावायची आणि कोणाशीही बोलायचं नाही. सहा अंडी मी बुधवारी संध्याकाळीच आणली होती आणि माझ्या डब्याच्या पिशवीत लपवली होती. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या घरात अंडी चोरून आणते.

साडेआठला दोघं गेली. मी दार लावलं, कडी घातली, रुमाल-पंचांग-गोळ्या उचलून फ्रिजवर ठेवल्या. पावाचं पीठ मळून झाकून ठेवलं. स्टूल घेतलं, मटार घेतले, तीन शेंगा सोलल्या आणि फोन वाजला.

"घरीच आहेस ना? कुरिअर येईल."

"दुकानावर का नाही मागवत?"

"तिथं गिऱ्हाईक असतं गं."

मी फोन ठेवला आणि मटाराकडं वळले. पुढच्या अर्ध्या तासात कुरिअरवाला आला, मग पेपरचं बिल घेऊन पेपरवाला आला आणि मग शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. दारातून बोलावणं देता आलं असतं. पण त्या आत आल्या, बसल्या, कोणाच्या सुनेनं वाण म्हणून काय वाटलं आणि ते कसं हलक्यातलं निघालं हे सविस्तर सांगितलं. मी हातातला अंडी फेटायचा चमचा खाली ठेवला नाही, म्हणजे त्यांना कळेल असं वाटलं. त्यांना वेगळंच कळलं.

"आज गुरुवार ना?" त्यांनी ओट्यावरच्या अंड्यांच्या टरफलांकडं बघत विचारलं.

"हो."

"आणि सासूबाई?"

"कवठ्याला."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यात संध्याकाळपर्यंत ही बातमी आळीभर पोहोचणार हे मला स्पष्ट दिसलं. एकदाच्या त्या गेल्या. मी पुन्हा कडी घातली.

मग मात्र वीस मिनिटं खरंच छान गेली. लोणी आणि साखर घोटली, अंडी घातली, मैदा चाळून मिसळला, संत्र्याची साल किसली तसा घरभर वास सुटला. ओव्हन तापत ठेवला, त्याचा लाल दिवा लागला. मी चौकोनी टिनला लोणी फासलं, मिश्रण ओतलं, वरून सारखं केलं आणि टिन उचलला. ओव्हनचं दार उघडायला हात पुढं केला तेवढ्यात फ्रिजची घरघर थांबली. पंखा फिरत फिरत मंद झाला. लाल दिवा विझला.

फोनवर सकाळी सात वाजता आलेला मेसेज मी तेव्हा उघडून बघितला. देखभाल दुरुस्तीच्या कामासाठी वीजपुरवठा साडेदहा ते साडेचार बंद राहील.

टिन हातात धरून मी तशीच उभी राहिले आणि सवयीनं कारण शोधायला लागले. ओव्हन का बंद? लाईट नाही. लाईट का नाही? गुरुवारी दुरुस्ती असते. मग मी गुरुवारीच का करायला घेतलं? त्या दिवशी मला सुट्टी असते. सुट्टी गुरुवारीच का? कारण त्या दिवशी लाईट नसते. चौथ्या 'का'ला मी पहिल्याच उत्तरावर परत आले होते, पाचव्याची गरजच उरली नाही. लाईट जाते हे मला माहीत नव्हतं असंही नाही. बारा वर्षं दर गुरुवारी सकाळच्या कामातच डोक्यावरचा पंखा बंद पडतो. पण त्या पंख्याचा आणि या ओव्हनचा काही संबंध आहे, हे दुकानात ओव्हनची बटणं फिरवून बघताना माझ्या डोक्यात आलं नाही. घरातही कोणाच्या आलं नाही. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते मी.

कुकरमध्ये मीठ घालून केक करतात, तेही मनात आलं. टिन कुकरच्या तोंडात जाईना. अंडी फेटलेलं मिश्रण ताटकळत ठेवलं की बसतं, आणि एक एक मिनिट जात होतं. शेवटी नवऱ्याला फोन केला.

"बेकरीत ने की," तो म्हणाला. "भट्टी आहे त्यांची, त्यांना कुठं लाईट लागते?"

हे मलाही सुचलं होतं आणि म्हणूनच मी फोन केला होता, दुसरं काहीतरी सुचवेल म्हणून. नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर एका मुसलमान कुटुंबाची जुनी बेकरी आहे. म्हाताऱ्या मालकांना सगळं गाव चाचा म्हणतं आणि त्यांच्या बायकोला चाची. दिवाळीच्या आधी आमच्याकडच्या बायका मैदा, तूप, साखर डब्यात भरून त्यांच्याकडं नेतात, तिथंच ओळीनं बसून नानकटाया वळतात, ताटावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवतात आणि भट्टीतून भाजून आणतात. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून हेच करत आल्या. या दिवाळीला मी चाचींना तोंड वर करून सांगून आले होते, "यंदापासून आमचं घरीच. ओव्हन घेतलाय." त्या "बरं केलं" म्हणाल्या होत्या. आता तीन महिने व्हायच्या आत त्यांच्या दारात टिन घेऊन जायचं होतं.

गेले. टिनवर ताट झाकलं, तो स्कुटीवर दोन पायांच्या मध्ये ठेवला. पावाचं पीठ डब्याचं झाकण वर ढकलायला लागलं होतं, ते टाकून देववेना, म्हणून तो डबा पिशवीत घालून पुढं अडकवला. शिरूरमध्ये स्पीडब्रेकर किती आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. प्रत्येकाला थोडं मिश्रण माझ्या चपलेवर आलं.

चाचा गल्ल्यावर बसले होते. मला बघून आधी हसले, मग पिशवीतून फुगून वर आलेल्या पिठाकडं बघितलं.

"बेकरीत पाव घेऊन आलीस, सूनबाई?"

"लाईट गेली चाचा. केक पण आहे. भट्टी गरम आहे ना?"

"हाय की. आण, मी ठेवून येतो." ते घाईनं उठले. एरवी चाचा गिऱ्हाइकासाठी उठत नाहीत, बसल्या जागेवरून हात लांब करतात. "तू हितंच बस. आत लई धूर हाय."

"नको, सांडेल. मीच नेते," म्हणत मी पडदा बाजूला केला. त्यांनी मागून काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, कारण आतून हसण्याचा आवाज येत होता. कोणीतरी बाई पोट धरधरून हसत होती आणि हसता हसता काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती.

भट्टीसमोर पोत्यावर पाय पसरून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. पुढ्यात टोस्टचा ढीग, बाजूला भरलेली पाकिटं, शेजारी चाची. अठरा वर्षं मी त्यांना ओळखते. त्या हसतात ते तोंडावर पदर धरून, आणि लगेच थांबतात. हे हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"आई?"

हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग टिनकडं.

"काय हाय त्यात?"

"केक."

"अंडं घातलंयस?"

खोटं बोलता आलं असतं. "घातलंय."

"गुरवारचं?"

"तुम्ही कवठ्याला आहात ना!"

चाची तोंडाला ओढणी लावून भिंतीकडं वळल्या. चाचांनी माझ्या हातून टिन घेतला, लांब फळीवर ठेवून भट्टीत सरकवला आणि ते बाहेर निघून गेले. मी मात्र गेले नाही. माझं डोकं आधीच तापलेलं होतं, सकाळपासूनचं सगळं त्यात होतं.

"मावशींचा गुडघा?"

"बरा हाय. हुरड्याला रानात हिंडतीय ती."

"म्हणजे गेले पाच गुरुवार तुम्ही इथं?"

"ह्यो स्टँडवर सोडतो. तिथनं चालत येते. पाचच्या वक्ताला परत जाते." अगदी सरळ सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

"अहो, लोक काय म्हणतील? सून घरात आणि सासू बेकरीत पाकिटं भरतीय! घरी खांदा दुखतो म्हणून तुम्हाला मी पाण्याचा तांब्या उचलू देत नाही!"

"टोस्टाला काय वजन असतंय व्हय?"

"आणि एवढ्या लांब कशाला? बोलायला कोणी हवं तर घरी मी नव्हते का?"

यावर त्या पाकिटाचं तोंड दुमडत राहिल्या. चाची म्हणाल्या, "सांग की आक्का. आता काय लपवायचं राहिलंय?"

"जाऊ दे भाभी."

"नाही, सांगाच," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "मार्गशीर्षातला शेवटला गुरवार व्हता. म्या सकाळी कूट कराय मिक्सर लावला. तू खोलीतनं आलीस, मिक्सरचं बटण बंद केलंस, आन् म्हणालीस." हाताला लागलेला टोस्टचा चुरा झटकला आणि म्हणाल्या, "'आठवड्यातून एक दिवस हे घर मला रिकामं मिळालं असतं ना, तर मी जगले असते.'"

हे त्यांनी त्यांच्या बोलीत म्हटलं नाही, माझ्या बोलीत म्हटलं. अक्षर न् अक्षर, माझ्या हेलात. महिन्याभरापेक्षा जास्त दिवस ते त्यांनी तसंच जपून ठेवलं होतं. मला ते वाक्य बोलल्याचं आठवत नव्हतं. मनात तर ते मी दर गुरुवारी म्हणते. तोंडातून कधी गेलं ते कळलंच नाही.

"मी तुम्हाला म्हणाले नसेन, आई."

"मिक्सरला म्हणाली असशील. पर हुबी मीच व्हते."

"मग भांडायचं ना माझ्याशी! ओरडायचं! कवठा काय, गुडघा काय, थंडीत चालत काय येता!" माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि त्याचाही मला राग येत होता. आपल्यासाठी कोणी एवढं केलं की आभार मानावेत, मी त्यांच्यावर खेकसत होते.

"कशापायी भांडू? खोटं का म्हणालीस तू? दमतीस, ते काय मला दिसत न्हाई? सहा दिस घर मलाच असतंय की. येक दिस तुला."

"आणि आज पाचवा. पुढच्या गुरुवारी काय सांगणार होतात?"

"बघितलं असतं. वढूला समाधीला जायाचंय म्हणून. पाबळला भाचीला दिलीय, तिच्याकडं. सुचतंय कायतरी."

म्हणजे मी पाच आठवडे एक एक गुरुवार हातातून जातोय म्हणून तळमळत होते, आणि ही बाई पुढचे सगळेच गुरुवार मला देऊन मोकळी झाली होती. सत्तरी उलटलेली, बीपीच्या गोळ्या घेणारी. मला फार लाज वाटली. मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसले.

केक झाला. चाचांनी टिन बाहेर काढला. वरून रंग सुरेख आला होता, एक कड भट्टीच्या अंगाला जरा जास्त भाजली होती. माझे पावही त्यांनी वळून भाजून घेतले होते. गुरुवारचं अंडं समोर होतं, तरी सासूबाईंनी नाक मुरडलं नाही.

"चला घरी," मी म्हणाले.

"आत्ता? आत्ताशी येक वाजलाय."

"असू दे. चला. मटारची उसळ करते, उपवास सुटल्यावर संध्याकाळी खा."

"नगं. पाचला येते. तुझी सुट्टी हाय."

"मग मी थांबते. पाचला बरोबरच जाऊ."

त्यांनी चाचींकडं बघितलं, मग माझ्याकडं. "थांब की," म्हणाल्या. "मी कुठं नगं म्हणतीय."

मी थांबले. मनातून बरं वाटलं. आता आपण काहीतरी दुरुस्त करतोय, असं. चाचींनी मला चहा दिला. सासूबाईंनी खोचलेला पदर सोडून खांद्यावरून घेतला, पसरलेले पाय जवळ ओढले आणि पाकिटं भरायला लागल्या. चाचीही भरायला लागल्या. कागदाचा आवाज तेवढा येत होता. मी चहा संपवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी आत आले तेव्हा त्या हसत हसत काहीतरी सांगत होत्या, ते अर्ध्यावर राहिलं होतं.

"मग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"कशाचं?"

"तुम्ही चाचींना सांगत होतात ते."

"काय न्हाई. असंच आपलं," त्या म्हणाल्या आणि खाली बघून टोस्ट मोजायला लागल्या.

ही बसण्याची तऱ्हा मला चांगली ओळखीची होती. मी घरी असले की त्या अशाच बसतात, आवाज न करता, अंग चोरून, कोणाच्या वाटेत यायला नको म्हणून. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा आहे.

मी उठले, टिन कागदात गुंडाळला आणि पाव पिशवीत भरले.

"निघते मी."

"व्हय, जा," त्या म्हणाल्या, जरा लगेचच. "म्या पाचला येते."

चाचींनी मला दारापर्यंत सोडलं आणि त्या परत आत गेल्या. मी पिशवी अडकवून गाडीला किल्ली लावेपर्यंत पडद्यामागं ती गोष्ट पुन्हा सुरू झाली होती.